ब्रिसेइदाचा उसना शेवट

मी कवळ्या बनवतो. लिमातल्या ब्रेन्या वस्तीत माझं दुकान आहे, आणि अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं असं म्हटलं तर ती बढाई होईल, पण फार मोठी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी एका बाईचं इतकं कौतुक करणार आहे की तुम्हाला वाटेल, या झेनोनला आयुष्यात दुसरं काही जमलंच नाही.

ती बाई म्हणजे ओतिलिया. माझ्या दुकानामागच्या गल्लीत तिची खानावळ आहे. बायको गेल्यापासून मी जिथे मिठाचा अंदाज बरा असेल तिथे जेवायचो, तसा एका सोमवारी तिच्याकडे मसूर खायला गेलो. सोमवारी मसूर सगळ्याच खानावळींत असतात म्हणा. पण तिचे मसूर खाल्ले आणि कळलं, इतके दिवस आपण नुसतं पोट भरत होतो. एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात 'चंद्रावरचा पैलवान' असा माझा थाट होता. साठी उलटलेला माणूस कॉमिक घेऊन जेवायला बसला की शेजारच्या टेबलावरचे एकमेकांना कोपर मारतात, हे मला ठाऊक आहे. मारेनात का. त्यांच्या वर्तमानपत्रात तरी काय मोठं शहाणपण भरलेलं असतं?

ओतिलिया ताट ठेवायला आली आणि म्हणाली, "आजोबा, नातवाचं पुस्तक बुडवाल हं आमटीत." मी म्हणालो, नातू नाही, पुस्तक माझंच आहे, आणि आजोबा कुणाला म्हणतेस, तुझे वरचे दोन दात माझ्यापेक्षा म्हातारे दिसतायत. असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणीही उठवून लावलं असतं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिने ॲप्रनला हात पुसले, समोरची खुर्ची ओढली, आणि माझ्या पुस्तकाच्या पाठीवरच्या जाड दोऱ्याच्या शिलाईवरून बोट फिरवलं. "हे बाकड्यावरचं आहे," ती म्हणाली. दोन टेबलांवरून हाका आल्या तरी ती उठली नाही.

आता तरुण पोरांना बाकडं म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्या लहानपणी कॉमिक विकत घेणं हे डॉक्टरांच्या पोरांचं काम. बाकीचे आम्ही भाड्याने वाचायचो. बाजाराच्या तोंडाशी टपरी असायची, दोरीवर कपड्यांसारखी चिमटे लावून पुस्तकं टांगलेली, आणि खाली एक लांब लाकडी बाकडं. नाणं द्यायचं, बाकड्यावर टेकायचं, तिथेच वाचायचं आणि तिथेच परत करायचं. इतक्या हातांतून गेलेला कागद टिकणार कसा? म्हणून टपरीवाला कव्हरं फाडून टाकायचा, चार-पाच अंक एकावर एक रचायचा, खालीवर पुठ्ठा लावायचा आणि दाभणाने शिवून टाकायचा. पोत्याचं तोंड शिवावं तसं. माझ्याकडे अशा पुस्तकांचं एक आख्खं कपाट आहे. तरुणपणी सगळं सोडून दिलं होतं, लग्न, दुकान, कर्ज, लोकांचे जबडे. आणि बायकोच्या मागे घर खायला उठलं तेव्हा एका रद्दीवाल्याकडे असंच एक शिवलेलं पुस्तक हाती लागलं. वाचायला लागलो तो उभ्या उभ्या संपवलं. तेव्हापासून जमवतोय.

ओतिलियाचं बालपण चिंबोतेतलं. बंदराचं गाव, सगळीकडे मासळीच्या पिठाच्या कारखान्यांचा वास. तिथे एलादियो नावाच्या एका बुटक्या माणसाची टपरी होती, आणि त्याच्या बाकड्यावर ही बाई लहानाची मोठी झाली. लिमात आल्यापासून तिने एकही कॉमिक हातात धरलं नव्हतं. वेळ कुठला, म्हणाली, इतकी वर्षं भांडीच घासत होते. मी म्हणालो, रविवारी खानावळ बंद असते ना? मी पिशवी भरून आणतो.

त्या रविवारी जो गेलो तो दर रविवारी जायला लागलो. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. कोपऱ्यावरचा न्हावी तर मला बघितलं की मोठ्याने म्हणायचा, पिकल्या पानाचा देठ हिरवा. मी त्याला सांगितलं, तुझी कवळी करायला येशील तेव्हा बघतो तुला.

पण ओतिलियाचं वाचणं ऐकायला हवं होतं त्याने. मी कॉमिक मनात वाचतो, शहाण्या माणसासारखा. ती मोठ्याने वाचायची. पैलवानाचा आवाज वेगळा, चंद्रावरच्या राजाचा वेगळा, स्फोट झाला तर टेबलावर मूठ. आणि वाचता वाचता मध्येच थांबून विचारायची, "चंद्रावर याची चड्डी कोण धुतं रे? इतकी पांढरी कशी?" पन्नास वर्षांची माझी त्या पैलवानाची ओळख, मला कधी हा प्रश्न पडला नाही. आता प्रत्येक पानावर पहिली चड्डीच दिसते. हसून हसून माझा जीव जातो. एकट्याने जमवलेलं ते कपाट म्हणजे नुसती रद्दी होती, हे मला तिच्याबरोबर वाचायला लागल्यावर उमगलं.

तिनेही मला बिघडवलं. संध्याकाळची तिची टीव्हीवरची मालिका. आधी मी नाकं मुरडली. सासू विष घालते, सून आंधळी होते, मेलेली जुळी बहीण परत येते, असलं काय बघायचं? ओतिलिया म्हणाली, चंद्रावर कुस्ती खेळणाऱ्याने बोलू नये. बसलो मुकाट. तिसऱ्या आठवड्यात ती जुळी बहीण दारात उभी राहिली, त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या गृहस्थाला तोंड उघडं ठेवून खुर्चीत बसवून आलो होतो. त्याने नंतर मला जे ऐकवलं, ते बिनदाताचं होतं म्हणून बरं.

तर मुद्दा कप्तान ब्रिसेइदाचा.

ओतिलियाच्या खानावळीत जेवलेल्या प्रत्येकाला ब्रिसेइदा माहीत आहे. सूप वाढता वाढता ती गोष्ट सांगते. ब्रिसेइदा म्हणजे एका कॉमिकमधली लाल डगल्यातली दर्यावर्दी बाई, गालावर तलवारीचा व्रण, तीन जहाजांची मालकीण. तिच्यावर जीव टाकणारा लिसांद्रो हा बंदरातला सज्जन डॉक्टर. अंकामागून अंक तो विचारतो, लग्न करशील? ती म्हणते, पुढच्या सफरीनंतर. एकोणिसाव्या वर्षी ओतिलिया हे वाचत होती, आणि त्याच वेळी तिच्या घरी तिचं लग्न ठरलं होतं. नवरा कारखान्यातला मुकादम. वयाने दुप्पट, हात उचलणारा, पहिल्या बायकोला मारायचा हे साऱ्या गल्लीला ठाऊक. बापाने शब्द दिला होता. पांढरा झगा शिवायला टाकला होता. झग्याच्या मापाला म्हणून घरातून निघायची आणि एलादियोच्या बाकड्यावर जाऊन बसायची, आणि अशीच एक दिवस शेवटच्या अंकापर्यंत पोचली. शेवटच्या चित्रात ब्रिसेइदा सुकाणू धरून उभी आहे, केस वाऱ्यावर, धक्क्यावर टोपी हातात घेतलेला पुरुष लहान लहान होत चाललाय, आणि ती म्हणते, 'माझी वाट पाहू नकोस.' गालावरचा व्रणसुद्धा नाहीसा झालेला. ओतिलिया नेहमी सांगायची, "समुद्राच्या वाऱ्याने भरला तो."

पुस्तक परत करून ती उठली, घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने लिमाला आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. इथे कुणी ओळखीचं नाही, काही नाही. लोकांची धुणी धुतली, बाजारात कांदे सोलले, दुसऱ्यांच्या चुलीवर रांधलं, आणि शेवटी स्वतःची खानावळ उभी केली. हे सगळं सांगून झालं की म्हणायची, "मला काय अक्कल होती हो? कोंबडीएवढं काळीज माझं. ब्रिसेइदाने शिकवलं." आणि पुढच्याच्या ताटात आणखी एक डाव टाकायची.

मी तिला पहिल्यांदा लग्नाचं विचारलं तेव्हा कांदा चिरत होती. मान वरही केली नाही. म्हणाली, "माझी वाट पाहू नकोस, लिसांद्रो." मला वाटलं थट्टा आहे. पुन्हा विचारलं, नाताळात, तेच उत्तर. तिच्या वाढदिवसाला विचारलं, तेच. हसत म्हणायची, गालाला हात लावायची, पण त्या वाक्याच्या पलीकडे मला कधी जाऊ द्यायची नाही. आता मी तिच्यावर इतका जीव लावून बसलो होतो की रविवारी रात्री घरी परत जायचं म्हणजे पाय उचलेनात. माझं दुसरं काही मागणं नव्हतं. सकाळी उठल्यावर ती समोर असावी, एवढंच. आणि मध्ये उभी कोण? तर कागदावरची एक बाई.

त्यात निळ्या केसांची यादिरा आली. कॉलेजात शिकणारी पोरगी, ओतिलियाकडे जेवते. दरवर्षी ऑगस्टच्या थंडीत आमच्या वस्तीच्या सभागृहात कॉमिकवाल्यांची जत्रा भरते, पोरं मुखवटे आणि झगे घालून येतात. ती भरवणाऱ्यांत ही यादिरा. म्हणाली, ओतिलियाताई, यंदा बाकड्यावर वाचलेल्या माणसांना व्यासपीठावर बोलवायचंय. तुम्ही ब्रिसेइदा सांगा. ओतिलिया लाजली, नाही नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी लाल कापड आणायला बाजारात गेली.

मी ठरवलं, जत्रेच्या आधी तिला ब्रिसेइदाचे सगळे अंक आणून द्यायचे. शिवलेले नव्हेत, कव्हरासकट, जसे छापले तसे. आमाझोनास रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात क्लोतिल्देबाईंना सांगून ठेवलं. अख्ख्या बाजारात कॉमिकचा एवढा साठा दुसऱ्या कुणाकडे नाही. काही आठवड्यांनी त्यांचा निरोप आला: एका वारलेल्या गृहस्थाच्या घरातून खोकं आलंय, कासेरो, आधी तुम्ही बघा. (नेहमीच्या गिऱ्हाइकाला इथे कासेरो म्हणतात.) मी दुकानाला कुलूप घालून धावलो. सगळे होते. अगदी शेवटचासुद्धा. मी तिथेच पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून तो शेवटचा उघडला, म्हटलं आधी ती धक्क्यावरची चौकट डोळे भरून बघू.

धक्का नव्हताच. चर्च होतं. ब्रिसेइदा पांढऱ्या झग्यात, गालावर व्रण जिथल्या तिथे, लिसांद्रोच्या हातात हात. जहाजांच्या किल्ल्या तिने बिशपच्या ओंजळीत टाकल्या आणि शेवटच्या चित्रात डोळे पुसत म्हणाली, 'आता मी घरी आले.' पुढे मोठ्या अक्षरात 'समाप्त'.

मी पान उलटसुलट केलं. क्लोतिल्देबाईंना दाखवलं, ओतिलियाचा शेवट सांगितला. त्या इतक्या हसल्या की त्यांची कवळी सुटली. (माझी नव्हे. दुसऱ्याने केलेली.) मग आत जाऊन त्यांनी आणखी एक अंक आणला, 'निळी विधवा', त्याच चित्रकाराची दुसरीच मालिका. त्या माणसाला बाईचा एकच चेहरा काढता यायचा. शेवटच्या पानावर सुकाणू, केस, धक्का, टोपी. 'माझी वाट पाहू नकोस.' गालावर व्रण नाही, कारण या बाईला तो कधी नव्हताच.

मग कोडं सुटलं. शेवटचा अंक हरवला, कुणी पोराने ढापला, की टपरीवाले असंच करायचे. त्याच चित्रकाराचा, जवळपास तसाच दिसणारा एखादा शेवट घ्यायचा, नावावर शाई फिरवायची आणि शिवून टाकायचं. मीही असल्या पुस्तकांना फसलेलो आहे. क्लोतिल्देबाई म्हणाल्या, "शेवट नसलेलं पुस्तक भाड्याने कोण नेईल, कासेरो? एलादियोने धंदा केला."

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. मनात म्हटलं, घे, तुझ्या ब्रिसेइदाने लग्न केलं! आता काय म्हणशील? खोकं काखोटीला मारून मी शीळ घालत निघालो. आणि बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईचं आख्खं आयुष्य त्या एका चित्रावर उभं आहे. ते तिच्या पायाखालून ओढायचं, आणि कशासाठी? तर झेनोनला सकाळी चहा करून द्यायला माणूस हवं म्हणून. थू.

बरं, गप्प बसावं, तर जत्रा तोंडावर आलेली. तिथली पोरं म्हणजे एकेक पुस्तककिडा. ही व्यासपीठावर लाल डगला घालून उभी राहणार, धक्क्याची गोष्ट सांगणार, आणि पहिल्याच रांगेतून एखादं कार्टं ओरडणार, ताई, असा शेवट नाहीच मुळी. चारचौघांत. सांगावं तर तिला वाटणार, म्हातारा लग्नाचा डाव टाकतोय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. खोकं मी पलंगाखाली सारलं. तिला म्हणून पाहिलं, थंडी आहे, घसा बसेल, नको जाऊस जत्रेला. ती म्हणाली, "माझ्या घशाची काळजी तुला कधीपासून? डगला बघ कसा झालाय." आणि समोर फिरून दाखवला. मी काय सांगू तुम्हाला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, बोटांना लसणाचा वास, आणि तो डगला घालून अशी उभी राहिली की तिन्ही जहाजं तिच्यामागून निघाली असती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पाणी प्यायला आत गेलो.

शनिवारी दुपारची जेवणं उरकली, तेव्हा मी खोकं घेऊन गेलो. भांडी पालथी घालून झाली होती. ती आरशासमोर गालावर लाल पेन्सिलीने व्रण काढून बघत होती. मी दोन्ही अंक टेबलावर ठेवले आणि म्हणालो, उद्या बोलायच्या आधी हे वाच.

तिने आधी ब्रिसेइदा वाचली. या वेळी मोठ्याने नाही. मग निळी विधवा. मग पुन्हा ब्रिसेइदाचं शेवटचं पान.

"कधी मिळालं तुला हे?" तिने विचारलं.

मी सांगितलं, होऊन गेले बरेच दिवस.

"लग्नासाठी आणलंस ना?"

"आणलं तुझ्यासाठी," मी म्हणालो. "लपवलं लग्नापायी. तुला वाटेल, मी तिच्या आडून..."

तिने भांडी पुसायच्या फडक्याने गालावरचा व्रण पुसला, खसाखसा, कातडी लाल होईपर्यंत. म्हणाली, "जा घरी, झेनोन." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं मला. मी गेलो. घरी जाऊन पैलवान उघडला आणि एकही ओळ वाचली नाही. चड्डी पांढरी होती तेवढी दिसली.

रविवारी सभागृहात मी अगदी मागे, खांबाआड बसलो. आजूबाजूला पंख लावलेली, शेपट्या लावलेली पोरं. यादिरा दोनदा येऊन विचारून गेली, ओतिलियाताई कुठायत? मी काय सांगणार? माझ्यामुळे ती येणार नाही, एवढंच मला दिसत होतं. एका म्हाताऱ्याने उठून बाकड्याच्या आठवणी सांगितल्या, लांबण लावलं, टाळ्या झाल्या. आणि दार उघडून ती आली. लाल डगला. गाल मोकळा. नजर सरळ.

व्यासपीठावर चढताना तिने गुडघ्यावर हात ठेवला, मग माइक हातात घेतला आणि तिच्या खानावळीतल्या आवाजात सुरू झाली. ब्रिसेइदा सांगितली, लिसांद्रो सांगितला, पोरं हसली, मूठ आपटायला टेबल नव्हतं तर तिने पाय आपटला. धक्क्यापर्यंत आली. मी डोळे मिटून घेतले. समोरून आवाज आलाच, एक पोरगा, जाड चष्म्याचा, उभा राहून म्हणाला, "पण ताई, ती तर लग्न करते."

"बस खाली, राजा, तेच सांगतेय," ती म्हणाली. मग तिने एलादियोची दाभणाची गोष्ट सांगितली. म्हणाली, त्या बुटक्याने मला फसवलं, देव त्याला स्वर्गात बाकडं देवो, टेकायला पाठ नसलेलं. लोक खो खो हसले. ती हसली नाही.

"इतकी वर्षं मी प्रत्येक ताटाबरोबर त्या बाईचे आभार वाढले," ती म्हणाली. "म्हणायचे, मी भित्री, मला तिने शिकवलं. काल वाचलं, तर ती बया किल्ल्या देऊन चर्चमध्ये रडत होती. आणि ती निळी विधवा, तिच्यामागे कुणी मुकादम लागला नव्हता, तिला जायला जहाज होतं. मला काय होतं? मग काल रात्रभर विचार करत बसले, त्या पहाटे बसमध्ये चढलं कोण?"

निळ्या केसांची यादिरा तोंडावर हात धरून उभी होती.

"मीच चढले," ओतिलिया म्हणाली. स्वतःशीच म्हणावं तशी. "चिंबोतेची ओतिलिया. एकोणीस वर्षांची. कुणी शिकवलं नव्हतं मला."

आणि माइक खाली ठेवून उतरली. टाळ्या वाजवत पोरं उभी राहिली, तो जाड चष्म्याचासुद्धा, आणि मी खांबाआड बसून हमसून हमसून रडलो. इतके दिवस मी घाबरत होतो, तिचं आयुष्य ज्यावर उभं आहे ते मी ओढून घेतोय म्हणून. ती कशावर उभी नव्हतीच. ती आपल्या पायांवर उभी होती, आणि मी गाढव खांबाला धरून.

बाहेर पायऱ्यांवर तिने मला गाठलं. वरून तो आपला नेहमीचा ओला धुरकट दिवस, डगल्यावर बारीक थेंब. पोरं येऊन तिच्याबरोबर फोटो काढून जात होती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"तू मला लग्नाचं विचारायचास," ती म्हणाली, "आणि उत्तर ती द्यायची. मी नाही. मी कधी विचारच केला नाही, मला तिचं वाक्य सोपं पडायचं. आता मला विचार."

तिथे, शेपटीवाल्या पोरांच्या गर्दीत, मी विचारलं.

ती पायरीवर बसली, गुडघा चोळला, रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या गालावरची कालची लाली अजून गेली नव्हती. एक बस येऊन गेली, दुसरी येऊन गेली.

"लग्न नको मला, झेनोन," ती म्हणाली. "झगा नको, चर्च नको, कुणाची बायको म्हणून सही नको. मी माझ्या चुलीची मालकीण आहे, तशीच मरेन. पण माझ्या वरच्या खोलीला खिडकी आहे, उजेड चांगला येतो वाचायला. तू तिथे राहायला यावंस असं मला वाटतं. मला, कळलं ना?"

मला कळलं. लग्नाला स्वच्छ नकार मिळालेला माणूस होतो मी, आणि त्या पायरीवर बसून मी जितका सुखी झालो तितका आयुष्यात कधी झालो नव्हतो.